ग्रॅच्युइटी ही बक्षिसी नव्हे!

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात एक भगिनी आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत पाच ओळखपत्रे. पाचही ओळखपत्रांवर फोटो त्यांचाच. पण ठेकेदाराचे नाव मात्र प्रत्येकावर वेगळे. औद्योगिक वसाहतीतल्या एकाच कारखान्यात त्यांनी १९ वर्षे झाडू मारला, फरशी पुसली, संडास धुतले. फाटक तेच, काम तेच, खातेही तेच. बदलत गेला तो फक्त ओळखपत्रावरचा ठेकेदार. वयाची साठी झाली तेव्हा सुपरवायझरने सांगितले, "मावशी, एक तारखेपासून येऊ नका." शाल दिली, नारळ दिला, ११ हजारांचे पाकीट दिले, टाळ्या वाजल्या आणि एका कागदावर सही घेतली. त्या कागदावर लिहिले होते, 'माझा संपूर्ण हिशोब मला मिळाला असून माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही.' सही घेताना तो कागद त्यांना कोणीही वाचून दाखवला नाही. मुलाने नंतर चार फेऱ्या मारून त्याची झेरॉक्स मिळवली, म्हणून आम्हाला तो वाचता आला.

त्यांचा प्रश्न एवढाच होता, "जयभीम दादा, हीच का ती ग्रॅच्युइटी?"

नाही ताई, ही ग्रॅच्युइटी नाही. ही बक्षिसी आहे. हक्काचे देणे बुडवायचे आणि वर बक्षिसी देऊन तोंड बंद करायचे, ही या देशातली फार जुनी रीत आहे. गावकीत वर्षभर राबवून घेऊन सणाला शिळी भाकर वाढणाऱ्यांनी तीच रीत आता कारखान्यात आणली आहे, इतकेच.

हिशोब करून पाहू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून त्यांना शेवटी महिन्याला १२ हजार रुपये मिळत होते. कायद्याचे सूत्र असे आहे की शेवटच्या पगाराला २६ ने भागायचे, म्हणजे एका दिवसाचा पगार निघतो. त्याला १५ ने गुणायचे आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. २६ ने का? कारण महिन्यात कामाचे दिवस २६ धरले जातात. मालक ३० ने भागू पाहत होते. ते सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये अमान्य केले आणि १९८७ च्या दुरुस्तीने २६ चा आकडा कायद्यातच लिहिला गेला. या सूत्राने १९ वर्षांचे होतात १ लाख ३१ हजार ५३८ रुपये. हातात पडले ११ हजार. उरलेले १ लाख २० हजार कोणाच्या खिशात गेले? ठेकेदाराच्या की कारखान्याच्या मालकाच्या? याचे उत्तर दोघेही देत नाहीत. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

ग्रॅच्युइटी या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी बक्षिसी असा आहे. एके काळी ती खरोखरच मालकाच्या मर्जीची गोष्ट होती. खूष झाला तर देणार, नाहीतर राम राम. कामगार संघटनांनी लवादापुढे आणि न्यायालयापुढे एकेक कारखाना लढवून तिला मर्जीतून बाहेर काढले. १९७० मध्ये केरळने आणि १९७१ मध्ये पश्चिम बंगालने आपापल्या राज्यांपुरते कायदे केले. त्यानंतर केंद्राचा ग्रॅच्युइटी प्रदान कायदा आला आणि १६ सप्टेंबर १९७२ पासून तो देशभर लागू झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. नाव बदलले, कलमांचे आकडे बदलले, पण गाभा तोच राहिला आहे. जिथे दहा किंवा अधिक माणसे कामाला आहेत, अशा कारखान्यात, दुकानात, दवाखान्यात, शाळेत, कार्यालयात पाच वर्षे सलग नोकरी केलेल्या प्रत्येकाला, तो निवृत्त होवो, राजीनामा देवो की त्याला काढून टाकले जावो, ग्रॅच्युइटी द्यावीच लागते. शिपाई असो की साहेब.

आमच्या लोकांमध्ये याबाबत गैरसमज फार. पुष्कळांना फंड आणि ग्रॅच्युइटी एकच वाटते. फंडात तुमच्या पगारातून पैसे कापले जातात आणि मालकही त्यात भर घालतो. ग्रॅच्युइटीसाठी तुमच्या पगारातून एक पैसाही कापला जात नाही. ती पूर्णपणे मालकाने द्यायची असते. फंड मिळाला म्हणून ग्रॅच्युइटी संपत नाही. दुसरा गैरसमज असा की राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी जाते. जात नाही. तिसरा गैरसमज सर्वांत वाईट. माणूस नोकरीत असताना मेला आणि पाच वर्षे झालेली नव्हती, तर घरच्यांना काही नाही, असे सांगून विधवा पत्नीला फाटकावरून परत पाठवतात. हे धादांत खोटे आहे. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर पाच वर्षांची अट नाहीच. गटारात उतरवलेल्या कामगाराच्या मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ३० लाखांची भरपाई ठरवून दिली. ती भरपाई वेगळी आणि ग्रॅच्युइटी वेगळी. एकीच्या नावाखाली दुसरी बुडवता येत नाही.

सलग नोकरीचा अर्थही समजून घेतला पाहिजे. वर्षात २४० दिवस काम भरले की ते वर्ष पूर्ण धरतात. आजारपण, अपघात, रजा, मालकाने केलेली टाळेबंदी, कामगाराचा दोष नसताना बंद पडलेले काम, यांनी नोकरी तुटत नाही. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेनेही तुटत नाही. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस भरले तर ते पूर्ण वर्ष म्हणून मोजायचे. साखर कारखान्यातील हंगामी कामगाराला प्रत्येक हंगामामागे सात दिवसांचा पगार मिळतो. (ज्याच्या कोयत्यावर तो कारखाना चालतो त्या ऊसतोड मजुराला मात्र मुकादमाच्या उचलीपलीकडे काहीच मिळत नाही. तो वेगळ्या अग्रलेखाचा विषय आहे.) कमाल मर्यादा २०१८ मध्ये २० लाखांवर नेली गेली. आमच्या किती वाचकांना त्या मर्यादेची अडचण येणार आहे? आमची अडचण वरच्या मर्यादेची नाही, खालच्या पाच वर्षांची आहे.

होय, सगळी मेख त्या पाच वर्षांत आहे! कंपनी दर दोन-तीन वर्षांनी सफाईचे टेंडर काढते. नवा ठेकेदार येतो, जुना जातो. माणसे तीच राहतात, कारण काम त्यांनाच येते. पण कागदावर ती 'नवीन' होतात. पाच ठेकेदारांकडे मिळून १९ वर्षे झाली, तरी एकाही ठेकेदाराकडे पाच वर्षे नाहीत! प्रत्येक जण म्हणतो, माझ्याकडे पाच वर्षे कुठे झाली? आणि कंपनी म्हणते, ही आमची कामगारच नव्हे. अशी पाचांची गोळाबेरीज शून्य करणारे गणित कोणत्या शाळेत शिकवतात, ते आम्हाला माहीत नाही. पण ते चालते कोणावर, हे आम्हाला पक्के माहीत आहे. झाडू, बादली आणि घाण ज्यांच्या वाट्याला जन्माने आली त्यांच्यावर.

हे आम्ही भावनेच्या भरात लिहीत नाही. कायद्याचा प्रवास पाहा. ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून आपल्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींत झाडणे, पुसणे, धूळ झटकणे आणि पहारा या कामांवर कंत्राटी कामगार ठेवण्यास मनाई केली. १९९६ मध्ये एअर इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंत्राट रद्द झाले तर त्या कामगारांना मूळ आस्थापनेने सामावून घेतले पाहिजे. पाचच वर्षांत, २००१ मध्ये, स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात घटनापीठाने तो निकाल फिरवला. आणि २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता काय म्हणते? मुख्य कामात कंत्राटी कामगार नको, असे ती आधी म्हणते. पण झाडणे, पुसणे, कचरा उचलणे, पहारा, उपाहारगृह, मालाची चढउतार ही कामे मुख्य नव्हेत, असेही तीच सांगते. म्हणजे १९७६ मध्ये ज्या कामाला कंत्राटातून बाहेर काढले होते, त्याच कामाला २०२० मध्ये कंत्राटासाठी मोकळे रान मिळाले. संडास तुंबला तर तासाभरात कारखान्यात बोंब होते. तरीही ते काम मुख्य नाही! वर्णव्यवस्थेने ज्या कामाला नीच ठरवले, त्याला संहिता 'मुख्य नसलेले' म्हणते. शब्द सभ्य आहे, जागा तीच आहे.

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ होई. जास्त पगाराचे ते खाते आपल्या बापजाद्यांना बंद होते. बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी संपाच्या काळात उघडपणे मांडला होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कामाचे तास, कामगार विमा, सेवायोजन कार्यालये या कामांना त्यांनी गती दिली. कामगाराचे संरक्षण ही सरकारची जबाबदारी आहे, मालकाची दया नाही, ही त्यामागची भूमिका होती. आज मागे वळून पाहताना आम्हाला स्वतःलाच एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपल्या चळवळीने सरकारी नोकरीतील आरक्षणासाठी, अनुशेषासाठी, पदोन्नतीसाठी प्राणपणाने लढा दिला आणि तो योग्यच होता. मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या संघटना बँकेत आहेत, रेल्वेत आहेत, मंत्रालयात आहेत. पण मॉलमध्ये, खासगी हॉस्पिटलमध्ये, कारखान्यात ठेकेदाराकडे राबणाऱ्या आपल्याच मावशीची आणि वॉचमन काकाची संघटना कुठे आहे? त्यांच्या पगाराची चिठ्ठी आपल्यापैकी कोणी कधी हातात घेऊन वाचली आहे काय?

पगाराची चिठ्ठी वाचली पाहिजे, कारण चोरी तिथूनच सुरू होते. ग्रॅच्युइटी मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर मोजतात. घरभाडे, बोनस, ओव्हरटाइम त्यात धरत नाहीत. म्हणून मालक मूळ पगार लहान ठेवतो आणि बाकीचे भत्त्यांच्या नावाने देतो. नव्या संहितेने येथे एक चांगली गोष्ट केली आहे, ती मान्य केली पाहिजे. असे वगळायचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर जास्तीचा भाग पगारातच धरायचा. समजा एकूण पगार २० हजार आणि मूळ पगार ८ हजार. भत्ते झाले १२ हजार. निम्मे म्हणजे १० हजार; वरचे २ हजार मूळ पगारात मिळवायचे. म्हणजे ग्रॅच्युइटी ८ नव्हे, १० हजारांवर मोजायची. दहा वर्षांच्या नोकरीला ४६ हजार १५४ ऐवजी ५७ हजार ६९२ रुपये होतात.

दुसरी गोष्ट मुदतीच्या नोकरीची. ठरावीक मुदतीच्या करारावर ठेवलेल्या कामगाराला आता पाच वर्षे थांबावे लागत नाही. वर्षभर सेवा झाली की मुदत संपताच त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. पण मालकांना ११ महिन्यांचे पत्र देण्याची जुनी खोड आहेच. ती या तरतुदीलाही खाऊन टाकणार नाही, याची खात्री कोण देणार? आणि ठेकेदार बदलल्याने तुटणारी नोकरी कशी जोडायची, यावर संहितेने सफाई कामगाराच्या हाती ठोस असे काही ठेवलेले नाही.

खरे तर या दुखण्यावरचा उपाय महाराष्ट्रातच सापडलेला आहे. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार लढले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. हमालाचा मालक तर रोज बदलतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदीत. त्याची सलग नोकरी कोणाकडे मोजणार? कायद्याने उत्तर दिले की नोंदणी मालकाकडे नको, मंडळाकडे करा. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस मंडळ देणार. मालक दहा बदलले तरी कामगाराची नोंद एकच. १९८१ मध्ये हीच पद्धत खासगी सुरक्षा रक्षकांसाठी आणली गेली. मग झाडूवाल्यासाठी का नाही? पाठीवर पोते वाहणाऱ्याची नोकरी मंडळ जोडून देऊ शकते, तर हातात झाडू असलेल्याची का जोडून देऊ शकत नाही? सफाई कामगारांसाठी असे मंडळ झाले पाहिजे, ही मागणी आम्ही येथे मांडत आहोत. निवडणुकीच्या तोंडावर आपल्या वस्त्यांत निळे झेंडे लावून येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला ती विचारा. सुरक्षा रक्षकांच्या कायद्यात खासगी एजन्सींना जी सूट दिली जाते, तशी पळवाट यात ठेवू नका, हेही बजावून सांगा.

मंडळ होईल तेव्हा होईल. तोवर हात बांधून बसायचे काय? लढून मिळते, याचे उदाहरण मुंबईत आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने मुंबई महापालिकेतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली आणि २०१७ मध्ये ते कायम झाले. कंत्राट हा देखावा होता, हे तिथे सिद्ध करता आले, कारण संघटनेने वर्षानुवर्षे कागद जपले होते. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना 'मानसेवी' म्हणून ग्रॅच्युइटी नाकारली जात होती. २५ एप्रिल २०२२ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती द्यायला लावली. मेत्तूर औष्णिक वीज केंद्राच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने कंत्राटी कामगारांची ग्रॅच्युइटी मूळ मालकाने आधी द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी, अशी भूमिका घेतली. दारे बंद नाहीत. ठोठावणारा हवा.

म्हणून कागद जपा. जुने ओळखपत्र नवीन मिळाल्यावर परत करू नका. मागितले तर आधी झेरॉक्स काढा. फंडाचा यू.ए.एन. नंबर ठेकेदार बदलला तरी तोच राहतो. पासबुक काढले की कोणत्या ठेकेदाराने कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत पैसे भरले, ते सगळे दिसते. १९ वर्षांचा याहून पक्का साक्षीदार मिळणार नाही. विमा योजनेचे कार्ड, बँकेचे पासबुक, फाटकावरचा पास, सहकाऱ्यांचे लेखी जबाब, हे सारे पुरावेच आहेत. नेमणूकपत्र देणे आता प्रत्येक मालकावर बंधनकारक आहे, मागा. वारसाचे नाव लिहून दिले आहे का, ते आजच तपासा. लग्नापूर्वी दिलेले नाव तसेच राहते आणि मरणानंतर बायको-मुलांना खेटे घालावे लागतात.

आणि न वाचता सही करू नका. केली असली तरी घाबरू नका. ग्रॅच्युइटीचा हक्क कायद्याने दिलेला आहे. 'सर्व मिळाले' अशा खासगी कागदाने तो मरत नाही. नोकरी संपल्यावर रक्कम किती होते ते मालकाने स्वतःहून लेखी कळवायचे असते आणि ३० दिवसांत द्यायचे असते. उशीर केला तर व्याजासह. दिली नाही तर कामगाराने लेखी अर्ज करावा आणि मग ग्रॅच्युइटीच्या नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे दाद मागावी. महाराष्ट्रात खासगी कारखान्यांची अशी प्रकरणे आजवर कामगार न्यायालयातच चालत आली आहेत. अर्जाला उशीर झाला तर कारण लिहून तो माफ करून घेता येतो. मुदत गेली म्हणून हक्क गेला, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे, म्हणजे कलेक्टरमार्फत होते.

एका बाबतीत मात्र सावध राहा. मालमत्तेचे नुकसान, दंगामस्ती किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा, अशा कारणाने काढून टाकले तर ग्रॅच्युइटी रोखता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की त्यासाठी फौजदारी न्यायालयात शिक्षा झालीच पाहिजे असे नाही. खात्याच्या चौकशीतला निष्कर्ष पुरेसा आहे. (त्याच निकालात एस. टी. च्या वाहकांच्या ग्रॅच्युइटीची जप्ती न्यायालयाने २५ टक्क्यांवर आणली, हेही खरे.) आम्हाला हा निकाल धोक्याचा वाटतो. चौकशी करणारा मालकाचा, साक्षीदार मालकाचे, आणि चोरीचा आळ घ्यायला सर्वांत आधी सफाईवालीच सापडते. निवृत्तीच्या तोंडावर असा आळ आला तर राजीनामा लिहून मोकळे होऊ नका, नोटिशीला लेखी उत्तर द्या, आणि एकटे जाऊ नका.

एकटे जाऊ नका, हे कार्यकर्त्यांसाठीही आहे. प्रत्येक वस्तीत एखादा निवृत्त क्लार्क, एखादा एल. आय. सी. वाला, एखादी कायदा शिकणारी मुलगी असतेच. रविवारी बुद्ध वंदना झाल्यावर विहारात दोन तास टेबल टाका. लोकांना ओळखपत्रे आणि पासबुके घेऊन यायला सांगा. २६ ने भागायला आणि १५ ने गुणायला वकील लागत नाही.

त्या ताईंचे दोन अर्ज आम्ही लिहून दिले. एक शेवटच्या ठेकेदाराच्या नावे, दुसरा कारखान्याच्या नावे. रक्कम १ लाख ३१ हजार ५३८, मिळालेले ११ हजार हे निरोपाची भेट म्हणून वेगळे दाखवले. मुलाने स्पीड पोस्टाने दोन्ही अर्ज पाठवले आणि पावत्या पिशवीत ठेवल्या. तीस दिवस भरले की पुढचा अर्ज कामगार न्यायालयात जाईल. त्याच कारखान्यात त्यांच्याबरोबर आणखी अकरा जणी आहेत. पुढच्या रविवारी त्यांना ओळखपत्रांसह बोलावले आहे.